मोजणीची विहीर

—न्हाई न्हाई, बसा हो मॅडम, उभ्या कशाला! विहीर काय पळून चाल्ली का? माझ्या अब्बानं खणली तवापासून तिथंच हाय. चहा होऊन राह्यलाय, आमच्या घरवालीला, इमामबीला जरा टाईम लागतो — तुम्ही अंबडहून पहिल्या एसटीनं आल्ता, ऊन हे असं, आन् आल्या-आल्या टेप काढून विहिरीवर चाल्ल्या, तर लोक काय म्हणतील? रहमतुल्लाच्या शेतातल्या आखाड्यावर पाणी मोजणीच्या बाईला कुणी चहा विचारला न्हाई म्हणतील! तुमच्या आधीचे साहेब कसे — तीन दिवस आधी फोन, दुपारी तीनला जीपमधून उतरायचे, आधी जेवण, मंग डुलकी, आन् मंग टेप. बाराच्या आत कुणी मोजलेलंच न्हाई इथं. काय? बाराच का? न्हाई, तसं काही न्हाई… बाराला लाईट येते. म्हणजे, लाईट आली की पंखा लागतो, तुम्हाला गार वाटंल. पंखा कुठंय? पंखा दुरुस्तीला गेल्ता, आलाच न्हाई. पण बल्ब हाय की, तो बघा वर. बटण कायम चालूच ठेवतो आम्ही, बल्ब लागला की कळतं लाईट आली.

किती वाजले? सव्वाअकरा. हां, मंग बसा निवांत.

तर कठड्यावरला निळा नंबर पाह्यला ना तुम्ही? तुमच्याच भूजल खात्यानं टाकलाय. आख्ख्या शिवारात एवढ्या विहिरी, पण मोजायची एकच — माझी. वर्षातून चार बार टेप पडते, आन् जे पाणी माझ्या विहिरीत, तेच गावच्या पोटात असं सरकार धरतं. मोठी जिम्मेदारी हाय! आमचे सरपंच अण्णासाहेब, त्यांनी तर शाल-नारळ दिलं मला, कागद दिला, 'जलमित्र' म्हणून — तो काय भिंतीवर, पिशवीच्या मागं, काच तडकलीय जराशी. त्या दिवशी खुर्चीवर बसवलं मला, अण्णासाहेबाच्या बराबर! म्हन्ले, चाचा, आजपासून ही विहीर तुमची न्हाई, गावाची. मी टाळ्या वाजवल्या. इमामबी तेवढी घरी येऊन म्हन्ली की शाल फार पातळ हाय. आवळा देऊन कोहळा काढला म्हणती ती. बाईमाणूस, तिला पॉलिसी समजत न्हाई.

तो पाइप? तो काळा? तिकडं नका बघू मॅडम, तो जुना हाय. नवा दिसतो, पण जुना हाय. अण्णासाहेबाच्या शेततळ्यापासून इथवर आलाय… आता तुम्ही घरच्यासारख्या म्हणून सांगतो, लिहू नका. दिवाळीच्या आगूदर मोजणी होती ना, तवा विहीर भरलेली दिसावी लागती, म्हणजे गाव कागदावर पाणीदार, म्हणजे नव्या विहिरी मंजूर. मंग आदल्या रात्री त्या शेततळ्यातलं पाणी या पाइपानं माझ्या विहिरीत. बिलकुल काठोकाठ! अकरा विहिरी मंजूर झाल्या गावाला. एक अण्णासाहेबाला, एक त्यांच्या भावाला, एक मेहुण्याला, बाकीच्या त्यांच्या मागं-पुढं फिरणाऱ्यांना. मला? मला कशाला, माझी तर आधीच सरकारी! त्या अकरांनी खालचं पाणी असं ओढलं की माझी विहीर हिवाळ्यातच निम्मी झाली — आन् मे महिन्यात उलटं. आता गाव कोरडं दिसावं लागतं, म्हणजे टँकर मंजूर. मंग याच पाइपानं विहिरीतलं पाणी शेततळ्यात. मोटरीला ऑटो लावलाय अण्णासाहेबाच्या माणसानं, लाईट आली की आपोआप चालू. मोजणीच्या दिवशी तेवढा चालू ठेवायचा, बाराला सुरू झाली की तीनपर्यंत गाळ दिसतो. तुमच्या साहेबांनी अहवालात लिहिल्तं म्हणं, ह्या गावाला पाऊस मानवतो पण उन्हाळा सोसत न्हाई. किती बराबर लिहिलं!

काय म्हन्ल्या? आज किती पाणी हाय? — हाय की, सात-आठ फूट असंल. नुसतं पडून हाय. म्हणजे पडून कसं… इमामबीनं राखलंय. तिची मोसंबी हाय ना त्या बांधाला, चाळीस झाडं, लग्नानंतर तिनं कमरेवर घागर घेऊन जगवलेली. गेल्या उन्हाळ्यात बारा वाळली, त्याच्या आगूदर सोळा. उरलेल्या बारांना जून लागोस्तोवर पाणी पाह्यजे, म्हणून ती भांडी घासलेलं पाणीसुद्धा सांडू देत न्हाई. काल मला म्हन्ली, एवढं पाणी गेलं तर झाडं जातील, आन् झाडं गेली तर मी भावाच्या घरी बदनापूरला जाते, तुम्ही शाल पांघरून बसा. मी म्हन्लो, अगं, टँकर येतो ना! गावासाठी सोसावं लागतं थोडं.

टँकर? अण्णासाहेबाच्या मेहुण्याचा. भरतो कुठं म्हणजे? — शेततळ्यावरच भरतो, जवळ पडतं, डिझेलचा खर्चा वाचतो…

न्हाई, थांबा. तसं न्हाई ते. म्हणजे तसंच हाय, पण असं सरळ कुणी विचारलं न्हाई कधी. मागल्या मे महिन्यात इमामबी टँकरला लाईनीत उभी होती, दोन तास, डोक्यावर ऊन. दोन घागरी मिळाल्या. घरी येऊन एक घोट पेली, आन् भांडं तसंच हातात धरून म्हन्ली, "ये तो अपनी बावडी का पानी है जी." मी हसलो मॅडम. म्हन्लो, पाण्याला काय नाव लिहिलेलं असतं का? चाळीस वर्षं जे पाणी पेली ते तिला कळणार न्हाई का! आमच्या विहिरीतून काढायचं, तळ्यात टाकायचं, तळ्यातून टँकरात, आन् आमच्याच दारात आणून आम्हालाच लाईनीत उभं करायचं. मी खुर्चीवर बसल्तो, टाळ्या वाजवल्या… लाज वाटती आता सांगायला. पूर्वी सगळ्या गल्लीच्या बाया इथूनच पाणी न्यायच्या. अण्णासाहेबानं बंद केलं, म्हन्ले सरकारी विहिरीला हात लावू नका.

घड्याळ बघून राह्यल्या तुम्ही. बघा. चहाचं काय? — चहा… इमामबीला हाक मारू म्हणता? नका मारू. ती झाडापाशी जाऊन बसलीय सकाळपासून. चूल पेटलीच न्हाई मॅडम. मी म्हन्लो, अण्णासाहेबाचा निरोप हाय, बाईला बारापर्यंत बसवायचंय, चहा ठेव, तर म्हन्ली, ह्या कामाच्या चहात मी माझं पाणी घालणार न्हाई. तुम्हाला मी अर्धा तास नुसताच…

बल्ब.

लागला का तो? — आज आगूदरच सोडली लाईट! ऐका, मोटरीनं पाणी धरलं, पाइप फुगून राह्यला. उठा. उठा पोरी, टेप घे, चपला राहू दे, पळ! मी फ्यूज काढतो, अण्णासाहेबाला काय सांगायचं ते मी सांगीन. काय लिहायचं म्हणजे? जेवढं हाय तेवढं लिही, इंचानं कमी न्हाई. आन् लिहिलं की इथं थांबू नको. दीडची एसटी हाय फाट्यावर, निघ.