तिकिटांवर रंगवलेला समुद्र

बोटीच्या रांगेत माझ्यापुढे एक जोडपं होतं. बाईच्या हातात रंग पिऊन फुगलेली प्रवासाची वही, नवऱ्याच्या खांद्यांवर बाकीचं सगळं. माझ्यासोबतची माझी सून काहीतरी सांगायला लागली, तिला म्हटलं, थांब गं, इथं महत्त्वाचं चाललंय.

“अगं, परतीची तिकिटं काढ. शेवटची बोट आहे.”

“वहीत चिकटवलीत.”

“परतीची? येतानाची चिकटवायची होतीस ना!”

“ती पिवळी होती. ही निळी, समुद्राला शोभली. वरून रंगाचा एक हात दिला, झालं.”

“समोर एवढा समुद्र फुकट पडलाय, तो पुरला नाही?”

“तो घरी नेता येतो का?”

“आपल्यालाच घरी जाता येत नाहीये! उचकट ती नखानं.”

“हात तर लावून बघा! उन्हात बसून केलंय पान. तुम्ही तेव्हा घोरत होतात.”

“आणि नंबर कुठंय?”

“लाटेखाली. पाण्याचा पातळ रंग आहे, पान उजेडात धरलं की नंबर दिसतो.”

रांग सरकली. तिकीट तपासणारा हातात भोकं पाडायचा पंच घेऊन उभा होता.

“बाई, हे काय?”

“तिकिटं. दोन.”

“साहेब, हिच्या वतीनं मी माफी...”

“तुम्ही गप्प बसा हो.”

त्यानं पान उजेडात धरलं, डोळे बारीक केले.

“नंबर दिसतायत. पण भोकं पाडल्याशिवाय बोटीवर सोडता येत नाही.”

नवऱ्यानं डोळे मिटून घेतले. बाईनं मान तिरकी करून पान न्याहाळलं.

“पाडा. पण वरच्या कडेला, आभाळात. आणि लांबलांब पाडा, नाहीतर चांदण्या भांडतायत असं वाटेल.”