शिवबाईनं पास केलेलं पॅलेट

शाकीर : हे घ्या अण्णा, तुमची सवत आली. एका हातानं उतरवली बघा टेम्पोतून.

मडिवाळप्पा : हे माल ठेवायचं पॅलेट हाय? मला वाटलं कुणाच्या लग्नातलं इडलीपात्र उचलून आणलंस.

शाकीर : इडलीपात्रच की. हे नऊ खड्डे दिसतात ना, तेच याचे पाय. एकात एक जाऊन बसतात.

भुवनेश्वरी : मोल्डेड वुड म्हणतात त्याला, काका. लाकडाचा चुरा आणि चिकट केमिकल गरम साच्यात दाबायचं. अख्खं पॅलेट एका दाबात बाहेर येतं. एकही खिळा नाही.

मडिवाळप्पा : चुरा? यव्वा, चुरा आमी चुलीत घालतो. टॉवेलच्या एवढ्या मोठ्या कारखान्याची तू परचेस मॅडम, आणि चुलीतल्या मालावर टॉवेल ठेवणार?

भुवनेश्वरी : ठेवायचे का नाही, तेच बघायला आले. सोमवारी मीटिंग आहे. महिन्याची सहाशे पॅलेटं तुमच्याकडून घ्यायची की यांच्याकडून, ते ठरणार. साहेब म्हणाले, फोटो बघून ठरवू. मी म्हटलं, नको. दहा वर्षं माल देतायत, त्यांच्या शेडवर जाऊन, त्यांच्यासमोर दोन्ही शेजारी ठेवून बघते.

मडिवाळप्पा : म्हंजे माझ्याच अंगणात माझी मयत. आणि खांद्याला शाकीर.

शाकीर : खांद्याला नाय अण्णा, टेम्पोला. त्याचं भाडं पडतं.

मडिवाळप्पा : तू कुणाच्या बाजूनं हायस रं?

शाकीर : मी डिझेलच्या बाजूनं. तुमची साठ भरली की माझी गाडी फुल्ल. ही इडलीपात्रं दीडशेच्या वर मावतात.

मडिवाळप्पा : वीस वर्षं माझ्या शेडात चहा पिलास, लेका.

शाकीर : तो भाबी करायच्या. परवा तुम्ही केलात तो मी बाहेरच्या शेळीला दिला. तिनं पण तोंड फिरवलं.

भुवनेश्वरी : काका, सुरू करू या? मला बारा वाजता परत जायचंय.

मडिवाळप्पा : कर की. सहाशे गेली तर हितं पत्रे आणि मी, दोघंच राहू. तिप्पण्णा आणि जोतिराम, दोन सुतार हायत माझे, ते पुण्याला जातील. मला पुणं मानवत न्हाई. बोल, काय बघायचं?

भुवनेश्वरी : आधी वजन.

मडिवाळप्पा : सरक बाजूला. मी उडी मारतो त्याच्यावर.

भुवनेश्वरी : काका, वय काय तुमचं?

मडिवाळप्पा : सासष्ट. वजन ब्याऐंशी. लिव तुझ्या कागदावर.

शाकीर : अण्णा, धोतर सांभाळा. मॅडम हायत.

भुवनेश्वरी : अय्यो! पडलात का?

मडिवाळप्पा : मी न्हाई पडलो. त्यानं मोडायला पाहिजे होतं, ते बी न्हाई मोडलं. परत मारतो.

शाकीर : परत नक्को. पॅलेटची गॅरंटी हाय, तुमच्या गुडघ्याची नाय.

भुवनेश्वरी : शाकीरभाई, ती सिमेंटची पोती रचा. दोन्हीवर वीस-वीस. एक टन.

शाकीर : वीस आणि वीस चाळीस. मॅडम, मी ड्रायव्हर हाय, हमाल नाय.

मडिवाळप्पा : तिप्पण्णा! जोतिराम! करवत चालू राहू द्या, पण एकेकानं येऊन हात लावा. ह्या डिझेलवाल्याची कंबर नाजूक हाय.

भुवनेश्वरी : ...एकोणीस, वीस. उभी आहेत. दोन्ही.

मडिवाळप्पा : माझं उभं राहणारच होतं. हे चुलीतलं कसं उभं राहिलं, ते कळंना.

भुवनेश्वरी : आता पाडून बघू. टेम्पोच्या फाळक्यावरून, कोपऱ्यावर. गोडाऊनमध्ये असंच पडतं.

शाकीर : हे गेलं अण्णांचं. फळी तडकली एक. आणि हे गेलं... याचा कोपराच उडाला.

मडिवाळप्पा : आता गंमत बघ. जोतिराम, हातोडा आण. तडकलेली काढली, नवी ठोकली. झालं. पाच मिनिटं बी न्हाई लागली. आता तुझ्या इडलीपात्राचा कोपरा तू शिवून दाखव.

भुवनेश्वरी : तो नाही शिवता येत. मोडलं की टाकायचं.

मडिवाळप्पा : लिव.

भुवनेश्वरी : लिहिलं.

मडिवाळप्पा : मोठ्या अक्षरात लिव. आता ह्याला हौदात टाकू. रातभर भिजू दे. सकाळी त्याचं पिठलं न्हाई झालं तर नाव बदलीन.

भुवनेश्वरी : काका, कंटेनरमध्ये हौद नसतो. पण उघड्यावर पावसात ठेवायचं नाही, असं तेच लोक सांगतात. तुमचं राहतं. तेही लिहिते. आता तुमच्या विरुद्धचं ऐका. परदेशात साधं लाकूड पाठवायचं तर किडीमुळे ते आधी भट्टीत तापवून शिक्का मारून घ्यावं लागतं. यांचं साच्यातच एवढं तापतं की शिक्का लागत नाही. दोन महिन्यांपूर्वी भट्टीवाल्याकडं गर्दी होती म्हणून आमचा कंटेनर चार दिवस थांबला.

मडिवाळप्पा : त्यात माझी काय चूक?

भुवनेश्वरी : तुमची नाही. पण थांबला.

शाकीर : म्हंजे फिफ्टी-फिफ्टी झालं. चला अण्णा, तुमची साठ पोरांनी भरली, मी दोर बांधलाय, निघू का?

भुवनेश्वरी : थांबा, एक राहिलं. हा आमचाच टॉवेल, जाड, पांढरा. याच्यावर सुताचे बारीक वेढे असतात. हाताला गुंडाळते आणि फिरवते. आधी या मोल्डेडवरून. गेला सरळ. आता तुमच्यावरून.

मडिवाळप्पा : ते कशाला आणि? मजबुती बघितलीस की.

भुवनेश्वरी : बघा. अडकला. धागा ओढला गेला. खिळ्याचं डोकं वर आहे इथं. आणि इथं पण. दुसरं घेते... हे पण. हे पण.

शाकीर : नवीन हायत मॅडम. दाबानं बसतात खिळे.

भुवनेश्वरी : बसत नाहीत, शाकीरभाई. काका, विणकामातून शिलाईकडं सुटा माल तुमच्या पॅलेटवरून जातो. तळातले टॉवेल खेचले जातात, सेकंडमध्ये, म्हणजे कमी भावाच्या मालात जातात. खरं सांगू? मोल्डेडचा विषयच त्यातून निघाला. मी आले दोन वर्षांपूर्वी. जुनी वही काढून बघितली. तुमच्या मालाची एक तक्रार नाही. आणि या फेब्रुवारीपासून बावीस.

मडिवाळप्पा : बावीस.

भुवनेश्वरी : मला कळत नाही ते हे, की प्रत्येकावर तुमच्या तीन रेघा आहेत. खडूच्या. आमचा गेटवाला बाकी कुणाचाही माल उलटापालटा करून बघतो, तुमच्या रेघा दिसल्या की सरळ आत घेतो. तुमच्याकडं तपासणारं माणूस तेच आहे ना अजून?

(आतली करवत थांबते.)

शाकीर : मॅडम, चहा घेणार?

मडिवाळप्पा : चहा कोण करणार? शेळी?

भुवनेश्वरी : काका, मी काही चुकीचं विचारलं का?

मडिवाळप्पा : न्हाई. बरोबर विचारलंस. तपासणारं माणूस जानेवारीत गेलं.

भुवनेश्वरी : काम सोडलं?

मडिवाळप्पा : व्हय. चाळीस वर्षांचं. नोटीस न्हाई, काय न्हाई. सकाळी भाकरी थापली आणि दुपारी सोडलं.

शाकीर : मॅडम, शिवबाई भाबी. अण्णांच्या घरच्या.

भुवनेश्वरी : अय्यो, काका. मला कुणी सांगितलंच नाही. ऑफिसात कुणाला माहीत नाही.

मडिवाळप्पा : ऑफिसात कुणाला ती हाय हेच माहीत नव्हतं, तर गेली ते कसं कळणार? त्या दाराशी बसायची. तुमच्याच कारखान्याचा फाटका टॉवेल हाताला गुंडाळलेला. पॅलेट पुढं आलं की असा हात फिरवायची, तू आत्ता फिरवलास तसा. कुणी शिकवलं न्हाई तिला. टॉवेल अडकला की कानडीतनं शिवी. हा जोतिराम मोडनिंबचा, ह्याला कानडीचं अक्षर येत न्हाई, पण शिव्या समद्या पाठ हायत.

शाकीर : मला पण. सात रस्त्याला सिग्नलला लई उपयोगी पडतात.

मडिवाळप्पा : पास झालं की खडू घ्यायची आणि तीन रेघा, आडव्या. कपाळाला विभूती लावतो तशा. नापास झालं तर पायानं ढकलायची. माझ्याकडं बी तसंच बघायची, नापास केल्यागत.

भुवनेश्वरी : मग आता कोण तपासतं?

मडिवाळप्पा : कोण न्हाई.

भुवनेश्वरी : आणि रेघा?

मडिवाळप्पा : मी मारतो.

भुवनेश्वरी : न तपासता?

मडिवाळप्पा : तिला जाऊन बारा दिवस झाले, आणि पहिली गाडी भरली. साठ पॅलेटं, एकावर रेघ न्हाई. कपाळ पुसल्यावाणी दिसाया लागली. माझ्यानं बघवंना. तिचाच खडू पडला होता, तो घेतला आणि मारत सुटलो. साठच्या साठ. लई बरं वाटलं. म्हटलं आजचा दिवस. मग रोजचंच झालं.

शाकीर : अण्णा, मला तरी बोलायचं. त्या गाड्या मीच नेल्या की.

मडिवाळप्पा : काय बोलू? बायको गेली, पण तिची सही माझ्याकडं हाय, असं?

भुवनेश्वरी : काका, दुसऱ्या कुणाला तरी बसवायचं. गावाकडून एखादी बाई...

मडिवाळप्पा : वळसंगहून तिची भाची आली होती, नागम्मा. चांगली हाय पोरगी, नजर तीक्ष्ण. दाराशी बसली, आणि मी तिला म्हटलं, हितं ऊन लागतंय, ऊठ. सावली होती समदी. तिला कळलं. संध्याकाळच्या एसटीनं गेली.

भुवनेश्वरी : हे मी रिपोर्टमध्ये लिहू का, तुम्हीच सांगा.

शाकीर : नक्को मॅडम! खिळेच खराब निघाले लिहा. लॉट खराब. खिळेवाला काय कोर्टात येतो का?

मडिवाळप्पा : गप ए. खिळेवाल्यानं काय केलंय? लिव, पोरी. समदं लिव. चार हजारांवर तरी मारल्या असतील खोट्या रेघा. तुमचा गेटवाला माझ्यावर न्हाई, तिच्यावर भरवसा ठेवून आत घेत होता. बावीस तक्रारी तिच्या नावावर पडल्या की. जित्तेपणी एक न्हाई पडू दिली बाईनं.

भुवनेश्वरी : लिहिलं तर सहाशेची सहाशे जाऊ शकतात.

मडिवाळप्पा : जाऊ देत. न्हाई, जाऊ देत म्हणवत न्हाई. पण लिव.

भुवनेश्वरी : माझे वडील शहराच्या पूर्व भागात मागावर बसायचे. कापडात एक गाठ दिसली तर स्वतःच्या हातानं उसवायचे, मालकानं बघितली नसली तरी. मी चिडायचे, जेवण गार होतं म्हणून. ऐका काका, मी असं लिहिते. परदेशी जाणारा माल मोल्डेडवर जाऊ दे. ते तुमच्या खिळ्यांमुळं नाही, शिक्क्यामुळं. ते तसंही जाणार होतं. कारखान्याच्या आत फिरायला तुमची बरी. पाण्याला टिकतात, मोडली तर दुरुस्त होतात. तीनशे. एक महिना बघायचं, तपासून आली तरच पुढं. आणि ही फक्त माझी शिफारस आहे. साहेब काय करतील, माझ्या हातात नाही.

शाकीर : म्हंजे निम्मं गेलं, अण्णा.

मडिवाळप्पा : निम्म्यात राहायची सवय झाली आता. शाकीर, दोर सोड.

शाकीर : कसला दोर?

मडिवाळप्पा : टेम्पोचा. आजची साठ खाली घे.

शाकीर : अण्णा, आत्ता गाठ मारली! कंबरेचं तुम्हीच म्हणालात मघाशी.

मडिवाळप्पा : घे खाली. तिप्पण्णा, ओलं फडकं आण, रेघा पुसायच्या हायत. साठच्या साठ. न्हाई, तू नको पुसू. फडकं मला दे.

शाकीर : बरं, बरं. मी उतरवतो. पण बसणार कुठं तुम्ही? तितं, दाराशी?

मडिवाळप्पा : तितं न्हाई. उभ्यानं करीन.

भुवनेश्वरी : काका, या फॉर्मवर आता एक रकाना वाढवलाय. प्रत्येक गाडीला तपासणाऱ्याचं नाव लागेल. रेघा चालणार नाहीत.

मडिवाळप्पा : बरं झालं. तिला तरी सुट्टी मिळंल.

भुवनेश्वरी : आजच्या गाडीला काय लिहू? मडिवाळप्पा?

मडिवाळप्पा : लिव. थांब, न्हाई. तो तुझा टॉवेल दे हिकडं. आधी तपासू दे.