लोड लावल्याबिगर

मी मूळची इथलीच, महाळुंग्याची. माहेरबी हेच आन सासरबी हेच, गल्लीचा काय तो फरक. आता जिथं कंटेनर उभे राहतात तिथं आमचं खळं व्हतं, पण ते सांगत बसले तर दिवस मावळंल. आन ताई, मी मधीच उठले तर रागावू नका. एका जागी बसून बोलायची मला सवय न्हाई, हात रिकामा राहिला की कसंतरीच व्हतं.

वीस वर्षं वायंडिंग केलं मी, हितल्याच कंपनीत. वायंडिंग म्हंजे मोटारीत तांब्याची तार भरायची, वेढ्यावर वेढा, वेढे मोजायला लागायचे न्हाईत, बोटंच मोजायची. शेवटी शेवटी मला टेस्टिंगला बसवलं. तिथं काय असतं, मोटर नुसती फिरली म्हणून पास करायची नसती. तिला लोड द्यायचा, म्हंजे खरं ओझं द्यायचं, मग बघायचं तापती का, दमती का. सुपरवायझर म्हणायचा, मावशी सोडा की एखादी, शिफ्ट संपत आली. मी म्हणायचे, लोड लावल्याबिगर सोडणार न्हाई, तुला घाई असंल तर तू सही कर. पेन खिशात घालून निघून जायचा. लई दरारा व्हता माझा, काय सांगू तुम्हाला.

मग वायंडिंगचं आपोआप चालणारं मशीन आलं. एक दिवस हापिसात बोलावलं आन सांगितलं, मावशी, आता तुमचं काम न्हाई. येवढंच. मी घरी आले आन डबा तसाच परत आणला व्हता, तो उघडलाच न्हाई. त्यानंतर मला अन्नच गोड लागंना. भांडी घासून झाली की परत घासायची, असं चाललेलं.

आमचे मालक भोसरीला फाउंड्रीत व्हते, भट्टीवर. वाळूची धूळ छातीत बसली. आता ऑक्सिजनचं मशीन लागतं, नाकात नळी घालून बसायचं, ते लायटीवर चालतं. आन आमच्याकडं गुरुवारी लाईट जाती, तारांची कामं काढतात, सकाळी जी जाती ती पार दुपारी येती. तवा इन्व्हर्टरवर भागायचं, पण त्याची बॅटरी बसली. इस्माईलभाई म्हणून हायेत, कोपऱ्यावर बॅटरीचं दुकान, भला माणूस, त्यांनी बघितली आन म्हणाले, वहिनी, ही संपली, भंगारात द्या, नवी बसवू, पैशाचं नंतर बघू. मला असा राग आला! मला वाटलं, हिलाबी हापिसात बोलावून सांगितल्यासारखं झालं. म्हटलं न्हाई, मी उठवती हिला. मालकांना गुरुवारचं आळंदीला नणंदेकडं न्यायला लागले, रिक्षात, मशीन मांडीवर घेऊन.

आन मोबाइलवर मला ते चाक सापडलं. एक माणूस दाखवत व्हता, सायकलच्या चाकाला कडंनं चुंबकं चिकटवायची, शेजारी एक कॉइल, आन छोट्या बॅटरीवर ते चाक फिरतं. चुंबक जवळ आलं की कॉइल त्याला ढकलती आन लगेच बंद पडती, आन बंद पडताना जो झटका बसतो तो दुसऱ्या बॅटरीत जातो. टिक टिक टिक, झटक्यावर झटका. तो म्हणत व्हता, इकडची संपली की तिकडची लावा, अदलाबदल करत ऱ्हावा, जन्मभर चालंल, आन मेलेली बॅटरीबी उठंल. जन्मभराचं मला पटलं न्हाई, वीस वर्षं मोटारी बघितल्यात. पण बॅटरी उठंल हे मात्र मी धरून बसले.

भाच्याच्या जुन्या सायकलचं चाक आणलं. भंगारातनं स्पीकरची चुंबकं काढली. एक चुंबक उलटं बसलं, चाक तिथं आलं की आचका द्यायचं, दोन दिवस कळंना, मग काढून सुलटं केलं. कॉइलच्या पोटात वेल्डिंगच्या कांड्या तोडून भरल्या. आन कॉइल मी भरली, एक जाड तार, एक बारीक, दोन्ही संगं. ताई, ती तार बोटांत आली ना, मला रडू आलं. मग कॉइल जरा पुढं, जरा मागं, कागदाच्या घडीएवढं अंतर ठेवायचं, कान लावून बसायचं. आवाज एकसारखा झाला की समजायचं लागलं.

रोज मीटर लावायचे. अकरा व्होल्ट, साडेअकरा, बारा, मग पार तेराच्या जवळ. मी मालकांना म्हणायचे, बघा, भरली! ते म्हणायचे, भरली गं. दोघं जेवायला बसायचो.

मग एका गुरुवारी म्हटलं, आज आळंदी न्हाई. बॅटरी जोडली. लाईट गेली, मशीन चालूच, मी तर नाचायचीच बाकी. आन पंधरा मिनटं झाली नसतील, इन्व्हर्टर ओरडायला लागला आन मशीन बसलं. मालकांचे ओठ काळे पडायला लागले. मी तशीच पळत सुटले, पायात चप्पल न्हाई. इस्माईलभाईंनी काही इचारलं न्हाई, दुकानातली भरलेली बॅटरी स्कूटरवर पायाशी ठिवली आन मला म्हणाले, बसा मागं.

मशीन सुरू झालं. मालकांना रंग आला. मग इस्माईलभाईंनी माझ्या बॅटरीला गाडीचा हेडलाईटचा बल्ब लावला. पिवळा लागला, लाल झाला, विझला. म्हणाले, वहिनी, मीटर भरली म्हणतो कारण तुमी तिच्याकडं काही मागितलंच न्हाई. आन मग हळूच म्हणाले, तुमी तर टेस्टिंगला व्हता ना?

तेवढंच. मला धरणी पोटात घेईना. घरात बल्ब व्हता, वायर व्हती. तीन येळा मनात आलं, लावून बघावं, तीन येळा हात मागं घेतला. भ्या वाटायचं, विझला तर? परक्याची मोटर लोड लावल्याबिगर कधी सोडली न्हाई, आन माझ्या माणसाचा जीव तसाच लावला मी त्या बॅटरीला.

लाईट आल्यावर मालक म्हणाले, मला ठाऊक व्हतं. म्हटलं, काय ठाऊक व्हतं? म्हणाले, तू पाण्याला गेलीस तवा मी एकदा तिच्यावर टेबलफॅन लावला व्हता, दहा मिनटांत बसला. मग बोलला का न्हाई? तर म्हणाले, कंपनी सुटल्यापास्नं तू पहिल्यांदाच धड जेवत व्हतीस.

मी भांडले. मेला असता की माझ्या जेवणापायी! दोन दिवस बोलले न्हाई. मग तिसऱ्या दिवशी त्यांच्याच शेजारी बसून रडले.

आता इन्व्हर्टरला इस्माईलभाईंची बॅटरी हाय. चाक मी मोडलं न्हाई, ते बघा फिरतंय. इस्माईलभाई स्कूटरच्या लहान बॅटऱ्या धाडतात, चारांतली एखादी उठती, पण बल्बावर तासभर टिकली तरच मी परत देती. तरी जिवाला चैन न्हाई बघा. कारण आता मालकांचंबी तसंच. त्यांच्याकडं तो बोटाला लावायचा चिमटा हाय, ऑक्सिजन किती ते दाखवतो. खुर्चीत बसून लावतात आन म्हणतात, बघ, आकडा चांगला हाय, बरं हाय मला. आधी मी मानायचे. आता म्हणते, उठा, दारापास्नं त्या नळापातुर चाला, मग चिमटा लावा. आकडा खाली येतो. दिवाळीला नळापातुर जाऊन परत यायचे. आता नळाला टेकून उभे राहतात आन माझ्याकडं बघून हसतात. मला कळतंय ताई. त्यांनाबी कळतंय. पण आता एकमेकांपास्नं लपवत न्हाई, तेवढं तरी बरं झालं.

चला, चहा घ्या, गार झाला. तुमच्या घरची माणसं धडधाकट राहू द्या. मालक म्हणतायत ताईंना रस्त्यापातुर सोडून येतो. रस्ता न्हाई, मालक. नळापातुर. धरा माझा हात.