हौसाक्काच्या खिडकीतला दिवा

बसा मंडळी, पुढं सरकून बसा! ते खांबाला टेकलेले पाहुणेसुद्धा या पुढं, डुलकी लागली तर मला दिसली पाहिजे! आणि खिशातले फोन बंद करा. देवाचा फोन आला तर तो खिशात वाजत नाही!

आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. एक खरी गोष्ट आहे. ती बोलली तर एका आईचं काळीज फाटेल. नाही बोलली तर एका भल्या माणसाचं नाव मातीत जाईल. काय कराल? — लगेच माना हलवू नका! आधी ऐका.

कोंढेवळ नावाचं गाव. घरटी एक फौजी. तिथं राहायचे हवालदार ज्ञानू चोरगे. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. सरहद्दीच्या लढाईत मांडीत गोळी घुसलेली, पाय ओढत चालायचे. तोफेला भ्याले नाहीत. पण मंडळी, या आबांना एका बाईची फार भीती वाटायची! हसू नका, बायकोची नव्हे! ती तर सगळ्यांनाच असते, आमच्या पेटीवाल्यांना विचारा!

भीती वाटायची ती हौसाक्काची. तिचा दिनू आबांच्याच तुकडीत होता, त्याच लढाईत गेला. आबा कुबड्या टेकत घरी आले, तेव्हा त्या माउलीनं विचारलं, "ज्ञानू, कसा गेला रं माझा दिनू?" आबा म्हणाले, "वाघासारखा गेला, अक्का! डोंगरावर पुढं होता. भैरोबाचं नाव घेऊन गर्जना केली, अन् गेला!"

झालं! गावानं चौकात दिनूचा पुतळा बसवला. हातात बंदूक, तोंड उघडं. आणि त्या दिवसापासून आबा चौकातून जाईनात! शेताला जायचे ते ओढ्याकडून, लांबच्या वाटेनं. तरी हौसाक्काचं घर दिसायचंच. तिच्या खिडकीत रोज तिन्हीसांजेला एक दिवा लागायचा, तो रात्रभर जळायचा. तो दिसला की आबा मान खाली घालायचे. का? सांगतो, सांगतो. घाई तुम्हाला आहे, मला नाही!

पुढं जिल्हा परिषदेची निवडणूक लागली. उभा राहिला संपत बर्गे. तोही आबांच्या तुकडीतलाच. चार माणसांत बोलायला लाजायचा. समोर बापूसाहेब. त्यांना कशाचीच लाज नव्हती! भर सभेत गरजले, "हा संपत डोंगरावर चढलाच नाही! याच्याच पलटणीतला परगावचा एक माणूस सांगतोय! आपला दिनू वर मरत होता, आणि हा खाली खड्ड्यात लपून बसला होता!" आणि शेजारी खुर्चीवर कोणाला बसवलं होतं? हौसाक्काला! शाल पांघरून!

आबा सभेतून उठले. कारण खड्ड्यात संपत होता, हे खरंच होतं! आबांनी डोळ्यांनी बघितलं होतं. गोळी लागून तेही त्याच खड्ड्यात पडले होते.

लंगडत संपतच्या घरी गेले. "संपत, मी बोलतो."

"नगा, आबा."

"अरं, पळपुटा म्हणत्यात तुला! तुझ्या पोरीला शाळेत म्हणत्यात!"

संपत म्हणाला, "मी पडलो तर पडलो. पण म्हातारीला काय सांगणार तुमी? तिचं तेवढंच हाय, आबा. तेवढी एक गर्जनाच हाय तिच्यापाशी."

दुसऱ्या दिवशी बापूसाहेबांचा निरोप आला. गाव भैरोबाच्या देवळात जमणार. हवालदारांनी बेलभंडारा उचलून सांगावं, संपत खड्ड्यात होता की नव्हता. मंडळी, बेलभंडारा म्हणजे देवाची शपथ! हातात बेलाचं पान, वर हळदीचा भंडारा, आणि समोर भैरोबा. तिथं खोटं बोलायची छाती कोंढेवळात कुणाची नव्हती. बायकोनं आबांचं धोतर धरलं. "जाऊ नका, ताप आलाय म्हणून सांगा!" आणि खरंच, अंगाला दरदरून घाम फुटला होता!

गेले. देऊळ गच्च भरलेलं. पुढंच हौसाक्का बसलेली, टक लावून बघतेय. पुजाऱ्यानं पान हातावर ठेवलं. हात असा थरथरला की निम्मा भंडारा फरशीवर सांडला! लोक कुजबुजले. पळून जावंसं वाटलं, पण तिथंच उभे राहिले.

"संपत खड्ड्यात हुता," आबा म्हणाले.

बापूसाहेब हसले! टाळ्या पडल्या! संपतनं डोळे मिटले.

"थांबा!" आबा ओरडले. "दिनूबी खड्ड्यातच हुता."

सगळ्यांच्या माना हौसाक्काकडं वळल्या.

"अक्का, मी तुला खोटं सांगितलं. दिनू वर पोचलाच न्हाई. निम्म्या वाटंतच पोटात लागलं. अंधार पडत हुता. त्यानं गर्जना केली न्हाई, अक्का... रडत हुता. 'आई' म्हणत हुता. 'मला अंधारात टाकून जाऊ नका' म्हणत हुता. मला हलता येईना. हुकूम हुता पुढं चढायचा. संपत्यानं हुकूम मोडला. थरथरत हुता तोबी, दात वाजत हुते. पण दिनूचा हात सोडला न्हाई. श्वास थांबला, तवा त्याचे डोळे मिटले, अन् मग एकटा वर गेला, गोळ्यांतनं! दुश्मनाचा मोर्चा पडला तवा हा वरच हुता. माझ्या हातात भंडारा हाय. खोटं असंल तर देवानं आत्ता न्यावं मला."

आणि आबांनी डोळे मिटून घेतले. मंडळी, गोळीची वाट कशी बघतात, तशी ते त्या म्हातारीच्या शब्दाची वाट बघत होते.

हौसाक्का उठली. शाल अंगावरून घसरली, तिनं उचलली नाही.

"खोटं बोललास, ते मला तवाच कळलं हुतं, ज्ञानू," ती म्हणाली. "माझं लेकरू अंधाराला भ्यायचं. मोठं झालं तरी दिवा लावल्याबिगर निजायचं न्हाई. ते कसलं गर्जना करतंय? मला एकच भ्या वाटायचं, अंधारात एकटंच मेलं आसंल. म्हणून दिवा लावीत हुते रोज... तवा एकटा न्हवता, व्हय रं?"

"न्हाई, अक्का."

ती संपतपुढं गेली. "कंचा हात धरला हुता त्यानं?"

संपतनं डावा हात पुढं केला. म्हातारीनं तो दोन्ही हातांत घेतला, गालाला लावला, आणि मग रडली. इतक्या वर्षांत गावानं तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं.

मतं कुणाला पडली विचारता? ते मला विचारू नका, मी कीर्तनकार आहे, मतमोजणीला नव्हतो! एवढं माहीत आहे की दुसऱ्या सकाळी आबा चौकातून शेताला गेले. आणि त्या तिन्हीसांजेला हौसाक्काच्या खिडकीत दिवा लागला नाही.

आता माझ्याकडे नका बघू, स्वतःकडे बघा! आपण खोटं बोलतो आणि म्हणतो, दुसऱ्याला दुखू नये म्हणून बोललो. खरंच? का आपल्यालाच त्याच्या डोळ्यांत बघायची भीती वाटते म्हणून? गावात असं एखादं घर असेलच, जे टाळायला तुम्ही लांबच्या वाटेनं जाता. आज उठून घरी जाताना त्या दारावरून जा. पाय थरथरले तर थरथरू देत, आबांचाही हात थरथरला होता!

चला, टाळ उचला, नाम घ्या — आणि मग त्या वाटेला लागा.