अण्णांचं अडीच मिनिटांचं मरण

(रत्नागिरी. वाचनालयाच्या हॉलबाहेरचा व्हरांडा, सकाळचे अकरा. सानिका आणि ऋत्विक माईकच्या वायरी गुंडाळतायत. एसटीतून निवृत्त झालेले शहात्तर वर्षांचे अण्णा नुकतेच येऊन खुर्चीत बसलेत.)

अण्णा : म्हणजे तुमच्या हिशेबी मी गेलो.

ऋत्विक : नाही हो अण्णा. आम्ही असं एका शब्दानेही म्हटलं नाही.

अण्णा : तेच तर. एक शब्दसुद्धा नाही. काल संध्याकाळी दीड तास तुम्ही त्या सिनेमाची सालं काढलीत. नायकाला सोडलं नाही, नायिकेला सोडलं नाही, तिच्या छत्रीलासुद्धा सोडलं नाही. आणि मी पडद्यावर गोळी खाऊन पडलो, तर तुमच्या ग्रूपचे पाचही जण माईक खाली ठेवून, माना खाली घालून उभे. अडीच मिनिटं. आपल्याकडे याला काय म्हणतात गो सानिका?

सानिका : श्रद्धांजली.

अण्णा : म्हणजे तुला ठाऊक आहे तर.

सानिका : आम्हाला मान द्यायचा होता, अण्णा. आपल्या गावचा माणूस सिनेमात दिसतोय, म्हणून.

अण्णा : मान दिलात, आणि माणूस नेलात. सगळा हॉल तुमच्या मागोमाग उभा राहिला. मधल्या रांगेत कोणीतरी डोळे पुसले म्हणे. सकाळी सातला दार वाजलं. बघतो तर समोरची राजश्री. हातात डबा, पदर खांद्यावरून, तोंड एवढंसं. दार मी स्वतः उघडलं.

ऋत्विक : मग?

अण्णा : मग काय. तिने माझ्याकडे बघितलंन आणि डबा पाठीमागे लपवलान. पिठलं-भात. ज्या घरात माणूस जातो त्या घरात चूल पेटवत नाहीत, म्हणून शेजारणीने करून आणलंन बिचारीने. म्हटलं आणलाच आहेस तर ठेव आता.

सानिका : आणि तुम्ही खाल्लंत?

अण्णा : टाकायचं की काय? स्वतःच्या सुतकाचं पिठलं-भात खाल्लेला मी रत्नागिरीतला पहिलाच असेन. मीठ कमी होतं. पण अशा वेळी कोण बोलतंय.

ऋत्विक : सॉरी अण्णा. खरंच सॉरी. हसत नाहीये मी, वायर अडकलीये.

अण्णा : हस रे मेल्या. पुढे ऐक. आमच्या डेपोच्या रिटायर माणसांचा व्हॉट्सॲप ग्रूप आहे. त्यावर माझा फोटो, हार घातलेला. खाली बासष्ट जोडलेले हात. पंचवीस वर्षं ज्याने माझ्याशी भांडण धरलंन तोही लिहितोय, देवमाणूस गेला. चिपळुणातून एक जण निघालासुद्धा होता. मी फोन लावला, म्हटलं परत फिर. तर मलाच विचारतो, कधी नेणार आहेत?

ऋत्विक : तुमचा आवाज ओळखला नाही?

अण्णा : ओळखलान. म्हणाला, अगदी अण्णासारखाच आवाज आहे हो, आपण धाकटे बंधू का? मी म्हटलं, अरे मीच अण्णा. तर रडायलाच लागला.

सानिका : चूक माझी आहे. उभं राहायचं मी ठरवलं होतं. ऋत्विक नको म्हणत होता.

ऋत्विक : मी नको नव्हतो म्हणत. मी म्हटलं होतं, उभं राहिल्यावर माझी उंची जास्त आहे, पडद्यावर सावली पडेल.

अण्णा : पण का? जुने, पडेल सिनेमे लावायचे आणि मागच्या रांगेत बसून त्यावर बोलून लोकांना हसवायचं, हेच ना तुमचं काम? नोकऱ्या सांभाळून, हौसेने करता. नाव काय तुमचं, ‘मागची रांग’. मग माझ्याच वेळी रांग मोडून उभं राहायला काय झालं?

ऋत्विक : आमचा एक नियम आहे. गावच्या माणसावर विनोद नाही.

अण्णा : हा कुठला नियम?

ऋत्विक : मार्चपासूनचा. गुहागरच्या समुद्रावर शूटिंग झालेला एक सिनेमा लावला होता. नायिका रडत असते आणि मागून एक म्हैस चालत जाते. मी माईकवर म्हटलं, दोघींत म्हशीला जास्त जमलंय. तर म्हशीचा मालक हॉलमध्ये निघाला.

अण्णा : रागावला?

ऋत्विक : छे, उभा राहून हात दाखवत होता सगळ्यांना. पण नायिकेची मावशी तिसऱ्या रांगेत होती.

अण्णा : अरारा.

सानिका : दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी जाऊन आले. तासभर ऐकून घेतलं. तेव्हापासून ठरलं. आणि यावेळी सिनेमा बघताना आमच्यातली वेदिका ओरडली, अगं हे तर अण्णा, स्टँडवरचे. मला धस्सच झालं. शाळेत असताना पाच वर्षं माझी गाडी तुम्ही पुकारलीयत. पावसात काही दिसायचं नाही, तुमच्या आवाजावर धावत सुटायचे. तुमच्यावर मी काय विनोद लिहू?

अण्णा : त्या सिनेमात माझा आवाज नाहीच आहे. डबिंगला मुंबईतला कोणतरी बसवलानी. त्याचा आवाज म्हणजे शेवग्याची शेंग, बारीक नि कोरडा. चौऱ्याऐंशी साली मिरकरवाड्यात शूटिंग होतं, ते मला म्हणाले, तुमचा आवाज काय दणदणीत आहे हो, तांडेल करता का? नावेचा म्होरक्या. मी रजा टाकून गेलो. आवाजावर घेतलानी मला, आणि आवाजच काढून टाकलानी.

ऋत्विक : आणि तीनदा का मरता? हे आम्हाला कळलंच नाही. पडता, उठता, पडता, परत उठता.

अण्णा : तीन वेळा शूट केलानी. एकदा मी फ्रेमच्या बाहेर पडलो. दुसऱ्यांदा पडलो तो मासळीच्या टोपलीवर. तिसऱ्यांदा बरोबर पडलो. जोडणाऱ्याने म्हटलं असेल, फुकट कशाला घालवा. तिन्ही एकाला एक जोडलान.

ऋत्विक : देवा. हे आधी कळलं असतं तर...

अण्णा : तर काय? नियम आहे ना तुमचा.

सानिका : अण्णा, नुसता नियम नव्हता. काकू जाऊन वर्ष नाही झालं. तुम्ही घराबाहेर पडत नाही असं तुमचे दोस्त आप्पा सांगत होते. त्यात पडद्यावर तुमचं मरण, आणि त्यावर आम्ही दात काढायचे? मला भीती वाटली. दुसऱ्या कोणाला दुखवायची नाही, तुम्हालाच दुखवायची.

अण्णा : ती सीडी तुम्हाला कोणी दिली?

सानिका : आप्पांनी. पाकिटात होती. वर लिहिलं होतं, मागच्या रांगेस सप्रेम.

अण्णा : अक्षर कोणाचं?

सानिका : ते नाही बघितलं. म्हणजे, तुमचं?

अण्णा : मीच दिली. तीन महिने विचार करत होतो. काल यायला निघालो, नवीन शर्टही घातला, आणि कोपऱ्यावरून परत फिरलो. लाज वाटली. आप्पाला म्हटलं तू जा, माझ्या सीनला काय काय बोलतात ते कागदावर लिहून आण. एक अक्षर चुकवू नको. तो बिचारा पेन, कागद, चष्मा घेऊन पुढे बसला. आणि घरी आला, कागद माझ्यासमोर धरलान. कोरा.

ऋत्विक : बापरे.

अण्णा : माझ्या मेल्याचं मला काही नाही. पिठलंही मी पचवलं. पण तो कोरा कागद रात्रभर समोर होता.

सानिका : तुम्हाला आम्ही हसायला हवं होतं.

अण्णा : तर काय. चाळीस वर्षं त्या मरणावर माझ्या घरात हसले सगळे. भाऊबीजेला बहिणी, भाचरं जमली की लावायचीच. आधी कॅसेट होती, मग सीडी. गेल्या दिवाळीत कोणी लावा म्हटलं नाही. सगळे माझ्याकडे बघून हळू बोलत होते. आणि म्हणून तुमच्याकडे दिली, तर तुम्हीही हळू झालात.

ऋत्विक : अण्णा, विनोद लिहिले होते. खोटं नाही सांगत. वहीत आहेत. हिने काट मारली.

अण्णा : वाच.

सानिका : ऋत्विक, थांब.

अण्णा : तू थांब गो. वाच रे.

ऋत्विक : पहिल्यांदा पडता तेव्हा, “बाजूला व्हा, मागून दुसरं मरण येतंय.”

अण्णा : हं.

ऋत्विक : दुसऱ्यांदा उठता तेव्हा, “एसटी आणि तांडेल, दोघंही बंद पडले असं वाटतं आणि निघतात.”

अण्णा : हा नको. एसटीवर मी बोलेन, तुम्ही नाही बोलायचं. पुढे.

ऋत्विक : तुम्ही म्हणता ना, पाचवी होडी कुठे लपवलीय ते... ते... आणि पत्ता न सांगताच जाता. त्यावर, “दोनदा उठलास बाबा, तेवढ्या वेळात पिनकोडसकट सांगून झाला असता.”

अण्णा : हा बरा आहे. अरे, हा चांगला आहे की. हा कापलास गो तू?

सानिका : कापला.

अण्णा : शिंच्यांनो, माझं एवढं सोन्यासारखं मरण फुकट घालवलंत. पुढचा खेळ कुठे आहे?

ऋत्विक : पोफळीला. रविवारी, वीज प्रकल्पाच्या कॉलनीत. हाच सिनेमा.

अण्णा : मग सगळे विनोद परत घाला. एक सोडून. आणि मी येतो. माईकवर माझा संवाद मी बोलेन. त्या शेवग्याच्या शेंगेला म्हणावं, चाळीस वर्षं बोललास, आता गप्प बस.

ऋत्विक : म्हणजे तुमचा आवाज, तुमच्याच मरणावर. सानिका, हे कोणाकडे नाही हं. कुठल्याच ग्रूपकडे नाही.

सानिका : अण्णा, तुम्हाला झेपेल? खरंच?

अण्णा : पस्तीस वर्षं देवरुख, लांजा, राजापूर ओरडलोय. एक मरण ओरडायला काय होतंय? फक्त एक गोष्ट. तिसऱ्यांदा पडल्यावर तिथे थोडी जागा आहे. नायक बोंब मारायच्या आधी.

सानिका : चार सेकंद आहेत. मोजलेत मी. तिथे काही बसेना.

अण्णा : तिथे वासंतीचं वाक्य बसतं.

सानिका : काकूंचं?

अण्णा : ती कधी समोर बसून बघायची नाही. स्वयंपाकघरातून आवाज ऐकायची. पहिल्यांदा पडलो की गप्प. दुसऱ्यांदा गप्प. तिसऱ्यांदा पडलो की पळी हातात घेऊन दारात यायची आणि म्हणायची, “मरा की एकदाचे, भात निवतोय.” दर वर्षी. तेच वाक्य, तीच पळी. आणि दर वर्षी पोरं हसून लोळायची.

ऋत्विक : याच्यापुढे माझी वही म्हणजे रद्दी.

अण्णा : आणि मी उठून पानावर जायचो. तोपर्यंत कोणी जेवायला बसायचं नाही. माझं मरण झालं की पंगत.

सानिका : त्या गेल्या तेव्हा तुम्ही जवळ होतात?

अण्णा : मी बाहेर टीव्हीपुढे. ती आत गवार मोडत होती. दुपारचे बारा. मला वाटलं अजून जेवण व्हायचंय. हाक नाही मारलीन मला. मी वाट बघत बसलो होतो, आता बोलावेल, आता बोलावेल.

ऋत्विक : अण्णा, पाणी देऊ?

अण्णा : पाणी नको. लॅपटॉप लाव. सीन काढ. सानिका, ते वाक्य तू म्हण.

सानिका : मी? मी लिहिते, अण्णा. माईकवर तुमच्या समोरच्या राजश्रीताईंना बोलावलं तर...

अण्णा : राजश्रीने मला पुरलानच आहे. तू म्हण.

ऋत्विक : लावतोय. गोळी लागली... पहिलं पडणं... दुसरं, टोपलीवर... तिसरं. सानिका, आता.

सानिका : मरा की एकदाचे, भात निवतोय.

अण्णा : छे छे. रडवेलं झालं. तू शोकसभेतून बाहेर ये आधी.

सानिका : मग कसं?

अण्णा : भाताची काळजी वाटली पाहिजे, माझी नाही. आणि माझ्याकडे बघू नको. ती बघायची नाही. लक्ष सगळं चुलीकडे. तिकडे दारात जाऊन उभी राहा.

सानिका : इथे?

अण्णा : अजून आत. हां. हातात काहीतरी घे.

सानिका : माईकचा स्टँड आहे.

अण्णा : चालेल. ऋत्विक, आवाज बंद कर त्याचा. माझं मी बोलतो.

ऋत्विक : केला म्यूट. गोळी... आता तुम्ही, अण्णा.

अण्णा : पाचवी होडी... पाचवी होडी कुठे लपवलीय ते... ते...

ऋत्विक : आई शप्पथ, काय आवाज आहे. समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. दुसरं पडणं. तिसरं. सानिका.

सानिका : मरा की एकदाचे, भात निवतोय.

ऋत्विक : हा. हाच. एकदम बरोबर. अण्णा, आता नायकाची बोंब येतेय, तुमचं संपलं. अण्णा? इथे तुमचं वाक्य नाही.

अण्णा : आलो गो. वाढ.