फोटोतले बाबा

दादा : ...आणि हा फोटो बघ, कसा झकास आलाय. डोक्यावर ती वायरींची टोपी, मागे तुमचे सर, आणि बाबा असे ऐटीत बसलेत, जणू टोपीचा शोध त्यांनीच लावला. वर मथळा काय, तर ‘हरवलेले शब्द परत आणणारी प्रयोगशाळा’. विद्यापीठाच्या पानावर आल्या आल्या मी सगळ्या नातेवाइकांना पाठवला. दुकानात टायर बदलायला आलेल्या माणसालासुद्धा दाखवला.

धाकटी : दादा, दार जरा लोटून घे. बाबा कुठे आहेत?

दादा : बाहेर खुर्चीवर बसवलंय. महत्त्वाचं बोलायचंय म्हणालीस म्हणून दुकान बंद करून इथे प्रयोगशाळेत आणलं त्यांना. आणि तुझा चेहरा असा सुतकी का? घरच्या पोरीचं नाव छापून आलंय, तुमच्या सरांना पारितोषिक मिळालंय...

धाकटी : तो फोटो तिथे असायला नको होता.

दादा : का? बाबांनी परवानगी दिली होती की. अर्धांगाच्या झटक्यात उजवा हात आणि बोलणं गेलं, तरी डाव्या हाताने का होईना, सही केली होती.

धाकटी : परवानगीचं नाही रे. सुरुवातीला मी सांगितलं होतं, आठवतं? निम्म्या लोकांना टोपीतून मेंदूला हलका विजेचा प्रवाह मिळणार, निम्म्यांना नाही. कोणाला काय, ते संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतो. शेवटपर्यंत आम्हालाही कळत नाही.

दादा : हो, पण बाबांना तर मुंग्या यायच्या डोक्याला. बोटं नाचवून दाखवायचे मला.

धाकटी : सुरुवातीला मुंग्या सगळ्यांनाच येतात. मग त्या दुसऱ्या गटाचं यंत्र आपोआप बंद होतं. दिवा तेवढा चालू राहतो. बाबा त्या गटात होते, दादा.

दादा : म्हणजे हिवाळाभर मी त्यांना जिन्यावरून उतरवून, गाडीत घालून इथे आणत होतो, ते दिवा बघायला?

धाकटी : बोलण्याचा सराव खरा होता. प्रवाह नव्हता.

दादा : टोपी घातलीत तुम्ही माझ्या बापाला. अक्षरशः टोपी घातलीत.

धाकटी : हो.

दादा : आणि ज्यांना खरा प्रवाह मिळाला, ते?

धाकटी : त्यांच्यातले बरेच जण वाक्यं बोलायला लागले. एक आजी आता सुनेशी फोनवर भांडतात. म्हणून तर बातमी झाली.

दादा : हे बघ, मी टायर विकतो, पण चिठ्ठी कोणाच्या हातात नसते एवढं मला कळतं. त्यासाठी रडू नकोस.

धाकटी : त्यासाठी नाही रडत. घरी बोलायला शिकवायला यायच्या त्या मॅडम. त्यांच्याकडे बाबा ‘तलाव’ म्हणायला लागले होते. प्रयोग चालू असताना दुसरा उपचार चालत नाही, असा नियम होता. तू नको म्हणत होतास, मीच तुझ्या मागे लागले. म्हटलं, त्या काय, नुसती चित्रं दाखवतात. मला बाबा इथे हवे होते. आमच्या कामावर माझा किती विश्वास आहे, ते सगळ्यांना दाखवायचं होतं.

दादा : त्यांना मी दारातूनच परत पाठवलं. तुझ्या शब्दावर.

धाकटी : आणि आता आमच्याच अभ्यासात निघालंय, की झटक्यानंतरच्या पहिल्या वर्षात मेंदू जेवढी दाद देतो तेवढी नंतर देत नाही. बाबांचं ते वर्ष गेलं.

दादा : हे तुला कधी कळलं?

धाकटी : कोण कुठल्या गटात होतं ते शेवटी उघड केलं तेव्हा. फोटो निवडायच्या आधी.

दादा : आधी?

धाकटी : सगळे टाळ्या वाजवत होते. फोटो पडद्यावर आला आणि सर म्हणाले, हाच घेऊ, काय बोलका चेहरा आहे. मी तोंडाला कुलूप लावून बसले.

दादा : बोलका. पोहायला शिकवायचे तेव्हा त्यांच्या एका हाकेने अख्ख्या तलावातली पोहणारी पोरं चिडीचूप व्हायची. आता पाणी हवं असलं तर ग्लास वाजवतात. आणि तुम्हाला चेहरा बोलका दिसतो.

(दार उघडतं. काठी टेकत बाबा आत येतात.)

दादा : या बाबा. काही नाही, निघूच आपण.

बाबा : नाही.

दादा : कधीपासून उभे होतात तुम्ही?

बाबा : सांग.

दादा : सांग बाई तूच. समजतं त्यांना सगळं, बोलता येत नाही एवढंच.

धाकटी : बाबा, तुमच्या टोपीत काही नव्हतं. खरा उपचार तुम्हाला मिळालाच नाही. शिकवणाऱ्या मॅडमचं येणं बंद करायला मी लावलं. आणि बातमीत फोटो लागला तेव्हा मला हे माहीत होतं, तरी मी गप्प बसले. आज सकाळी सरांना सांगितलं. पानावरून फोटो काढून टाकतायत ते.

बाबा : मी... मी...

दादा : सावकाश.

बाबा : मी... चुकलो... नाही?

धाकटी : तुम्ही? तुम्ही कुठे चुकलात बाबा?

दादा : त्यांना वाटायचं, बाकीच्यांना जमतं आणि आपल्यालाच जमत नाही. इथून घरी गेलं की कपाळावर हात मारून घ्यायचे. तुला सांगितलं नाही मी. म्हटलं, कामात आहे.

धाकटी : तुमचं काही चुकलं नाही बाबा. काहीसुद्धा नाही.

बाबा : आता?

धाकटी : आता तुमच्या गटातल्या सगळ्यांना खरी टोपी देणार आहेत. मॅडमना मी जाऊन भेटले, त्याही घरी यायला तयार आहेत. पण किती फरक पडेल, ते छातीठोकपणे नाही सांगता येत मला.

दादा : पुन्हा इथेच यायचं? बाबा, तुम्ही म्हणाल तसं. माझी जबरदस्ती नाही.

बाबा : हो.

दादा : हो म्हणजे, यायचं?

बाबा : यायचं.

धाकटी : टोपी दुसरं कोणी लावेल. घरचं माणूस म्हणून मला त्यात हात घालता येत नाही. पण मी तुमच्या शेजारी बसू?

बाबा : बाहेर.

दादा : अहो बाबा, ती...

बाबा : बाहेर... बस.

धाकटी : बरं. बाहेर बाक आहे, तिथे बसते.