सूनबाईचे उंदीर आणि माझी गोळी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील विद्वान पाहुणे, प्रयोगशाळेतील सर्व लहानथोर मंडळी आणि बंधुभगिनींनो,

माझी शाळा सातवीतच सुटली. तेव्हा मला इथे बोलायला उभं करणं ही आयोजकांची जबाबदारी, माझी नव्हे. मागचं दार उघडंच राहिलंय का? असू दे.

आज माझ्या सूनबाईला निरोप. तिला दुसऱ्या शहरातल्या संस्थेत मोठी जागा मिळाली आहे. पण निरोप ठरला तरी ती अजून जायला तयार नाही. अट एकच. "बाबा, आधी काळजीवरची गोळी सुरू करा. नाहीतर मी इथेच." सुनेच्या नोकरीआड सासऱ्याने यावं का? पण मला गोळीचीच काळजी वाटत होती, त्याला काय करणार? पूर्वी एकदा घेतली होती. दोन दिवसांत गुण नाही, म्हणून सोडली.

तेव्हा तिने मला इथे आणून उंदीर दाखवले. उंदराला उदास कसं करतात, ठाऊक आहे? पिंजरा कलता ठेवायचा, अंथरूण ओलं करायचं, दिवे भलत्या वेळी लावायचे. मी म्हटलं, "अगं, यात नवीन ते काय?" ती म्हणाली, "बाबा, ऐका." मग एरवी गोडावर तुटून पडणाऱ्या त्या उंदराला साखरेचं पाणी आणि साधं पाणी सारखंच वाटू लागतं.

माझ्या गोळीच्याच जातीचं औषध दिलं तरी सुरुवातीला उंदीर ढिम्म. का? मला समजलं तसं सांगतो, विद्वानांनी कान बंद करावेत. मेंदूत सेरोटोनिन नावाचं द्रव्य असतं. ते ओळखणाऱ्या जागांना रिसेप्टर म्हणतात. त्यातले काही राखणदार. औषधाने द्रव्य वाढलं की ते ओरडतात, "पुरे, नळ बंद करा!" दोन-तीन आठवडे ओरडून थकले, की औषधाला वाट मिळते. किती राखणदार नरमले, हे सूनबाई मोजते. आमची ही शेजारीच उभी होती. म्हणाली, "म्हणजे आपल्या घरचे राखणदार हेच." मी दुर्लक्ष केलं.

एक उंदीर साखरेच्या नळीकडे परतला होता. मला बरं वाटलं. विचारलं, "याला आता सोडणार ना?"

"नाही, बाबा. मोजायला मेंदूच काढावा लागतो."

"मग बरा होऊन बिचाऱ्याने काय मिळवलं?"

"त्याने काहीच नाही. तुम्ही मिळवू शकता. पण तुम्ही दोन दिवसांत सोडता."



सूनबाई, तुला सांगितलं नव्हतं, पुन्हा सोडली तर शोभा नको म्हणून. सोमवारपासून गोळी घेतोय. तुझ्या सासूबाईंना विचार, रोज जीभ उचलून दाखवायला लावतात. गुण म्हणशील तर काडीचा नाही. सकाळपासून तुझ्या सामानाची, तिथल्या जिन्याची, तिकडच्या शेजाऱ्यांची काळजी करतोय. पण सोडलेली नाही. आता राहायला कारण काय काढशील? जा, पोरी.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. अजून पहिलाच आठवडा चालू आहे.